वळकटी बांधण्यापूर्वी

सुख आणि चैन हे दोन शब्द आपण हल्ली एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. त्यामुळे ज्याला अंग टेकावयास केवळ एक कोरडी जागा हवी असते, त्यालाही आपण चैनी म्हणून मोकळे होतो. आणि ज्याने न लागणाऱ्या दहा वस्तू विकत घेऊन पाठीवर लादलेल्या असतात, तो मोठ्या सुखात आहे असे समजतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, असे माझे मत आहे. ते मत मांडण्यासाठी मी निवडलेला विषय शाळेच्या वार्षिकांकात काहीसा अनपेक्षित वाटण्याचा संभव आहे. उघड्या माळावर तंबू ठोकून, तीन-चार दिवस मुक्काम करून संगीत ऐकावयास जाणाऱ्या तरुणाने आपल्याबरोबर काय न्यावे व काय नेऊ नये, हा तो विषय होय.

विषय वाटतो तितका दूरचा नाही. इंग्लंडातील स्विंडन या गावी गोमंतकीयांची मोठी वस्ती झालेली आहे, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. आपल्या आळीतील एखादे तरी घर असे निघेल की ज्याचा मुलगा वा सून तेथे कामाला आहे. या शाळेतून शिकून गेलेली काही मुलेही तिकडे स्थिरावली आहेत. स्विंडनच्या विल्टशायर परगण्याला लागून सॉमरसेट परगणा आहे, आणि त्यातील पिल्टन नावाच्या खेड्यातील वर्दी फार्म या शेतावर जूनच्या अखेरीस ग्लॅस्टनबरीचा प्रसिद्ध संगीत महोत्सव भरतो. मायकेल ईव्हिस या गाईगुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याने १९ सप्टेंबर १९७० रोजी तो प्रथम भरविला. त्या वेळी प्रवेशमूल्य होते एक पौंड, आणि त्यात शेतावरचे दूध फुकट! आले होते सुमारे दीड हजार लोक. पुढे हाच मेळा इतका वाढला की, गावकुसाबाहेरच्या त्या कुरणांवर पाच दिवसांसाठी दोन लाख माणसांचे तंबूंचे नगर उभे राहू लागले. जमिनीला विसावा मिळावा म्हणून मधूनमधून एखादे वर्ष तो भरवीत नाहीत. २०१८ साल तसे विश्रांतीचे गेले, आणि २०२६ सालासाठीही तोच निर्णय घेण्यात आला. असे लहानमोठे मेळे त्या देशात उन्हाळाभर चालतात, आणि आपली मुले त्यांना हौसेने जातात.

अशाच एका मेळ्याला गेलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे पत्र मला मध्यंतरी आले. तीन महिने पैसे साठवून त्याने तिकीट काढले होते. ज्या गायकाला ऐकण्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याचे गायन शेवटच्या रात्री होते. दुसऱ्या रात्री पाऊस झाला; तंबू तळातून पाझरला; अंथरूण भिजले; थंडीने झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अंगात कणकण भरली, तेव्हा तो परतीच्या गाडीत बसला. तंबू त्याने तेथेच टाकून दिला. “सर, गाणे तेवढे राहून गेले,” एवढेच वाक्य त्याने शेवटी लिहिले होते.

हे वाक्य वाचून वडील मंडळी काय म्हणतील, ते मला ठाऊक आहे. “आमच्या वेळी आम्ही जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत जमिनीवर बसून पाहिले, आम्हांला कुठे तंबू लागला?” या बोलण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. देवळाच्या प्रांगणात आपण चटई पसरून रात्र काढतो, तेव्हा खाली जमीन कोरडी असते, हवा उबदार असते, आणि पहाट झाली की चार पावलांवर आपले किंवा पाहुण्यांचे घर असते. पणजीस पौषातल्या रात्रीही पारा सहसा २० अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. सॉमरसेटमध्ये ऐन जूनमध्ये रात्री तो १० अंशांच्या आसपास येऊ शकतो, आणि पावसाचा तर नेम नाही. १९९७ आणि १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे ते शेत चिखलाचा सागर झाले होते. २००५ साली एका सकाळच्या मुसळधार पावसाने सखल भागातील तंबू पाण्याखाली गेले. तेथे ‘सोसण्याची सवय’ हे भांडवल पुरे पडत नाही. सोसणे हा गुण आहे खरा. पण न सोसता भागत असेल तेथे मुद्दाम सोसणे हा गुण नव्हे, ते केवळ अडाणीपण होय.

मुख्य मुद्दा तर याहूनही वेगळा आहे. माणूस तेथे जातो तो संगीत ऐकावयास. मैफल सुरू होण्यापूर्वी गवई तंबोरा जुळवून घेतो, त्यात कितीही वेळ गेला तरी जाणता श्रोता कुरकुर करीत नाही. श्रोत्याचे शरीर हेही एक वाद्यच आहे. ते थंडीने काकडत असेल, ओल्या मोज्यांनी कुजत असेल, दोन रात्रींच्या जागरणाने पेंगत असेल, तर त्यावर कोणता सूर नीट उमटणार? १५ ऑगस्ट १९६९ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील बेथेल गावाजवळ वुडस्टॉकचा प्रचंड मेळा सुरू झाला. चार लाखांवर माणसे जमली. निवारा, अन्न, स्वच्छता यांपैकी काहीच त्या संख्येला पुरण्यासारखे नव्हते. पहिल्याच रात्री पंडित रविशंकर यांनी पावसात सतार वाजविली. पुढे त्यांनी त्या चिखलातील समुदायाला आपल्याकडील चिखलात डुंबणाऱ्या म्हशींची उपमा दिली. ती उपमा कठोर आहे, पण त्यामागची कलावंताची व्यथा समजण्यासारखी आहे. सतारीचा नाजूक आलाप ऐकावयास जे चित्तस्वास्थ्य लागते, ते गुडघाभर चिखलात कोठून येणार? म्हणून मी म्हणतो की, प्रवासातील सुखसोय ही देहाचे लाड करण्यासाठी नसते. ज्या कामासाठी आपण गेलो त्या कामात मन राहावे, एवढ्यासाठी ती असते. ही कसोटी हाती धरली, म्हणजे काय न्यावे आणि काय टाकावे याचा निवाडा आपोआप होतो.

आता एकेका वस्तूचा विचार करू.

पहिला मान अंथरुणाचा. नवखा माणूस पांघरुणावर पैसा ओततो आणि खाली काय घालावयाचे ते विसरतो. वास्तविक रात्री अंगातली ऊब खेचून घेते ती जमीन. जाडजूड पांघरूणही आपल्या अंगाखाली दबले की त्यातील हवा निघून जाते आणि त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून खाली फेसाची चटई किंवा आत उष्णतारोधक थर असलेली, फुगवावयाची गादी हवी. नुसती हवेची गादी मऊ असते, पण आतली हवा खेळती राहून ती पाठ गार करते. फेसाची चटई स्वस्त असते, फुटत नाही, ओली झाली तरी पुसून वापरता येते. तिची गुंडाळी मोठी होते एवढाच तिचा दोष. विद्यार्थ्याने बिनदिक्कत तीच घ्यावी.

दुसरी वस्तू झोपण्याची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग. ही घेताना चिठ्ठीवरील आकडे नीट वाचावेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तीवर तीन तापमाने दिलेली असतात. पहिले, ज्या थंडीत माणूस आरामात झोपू शकतो ते. दुसरे, ज्या थंडीत अंग आखडून कशीबशी रात्र निघते ते. आणि तिसरे, ज्या थंडीत जीव जेमतेम वाचतो ते. हा तिसरा आकडा सर्वांत मोठा पराक्रम सांगणारा असतो, आणि काही विक्रेते तोच ठळक छापतात. आपण मात्र पहिला आकडा पाहावा. तो ५ अंशांच्या आसपास असला तर इंग्लंडच्या उन्हाळ्यास पुरतो. पिसांची पिशवी हलकी आणि उबदार खरी, परंतु भिजली की ती गोळा होऊन ऊब देईनाशी होते. पावसाच्या देशात कृत्रिम धाग्याची पिशवी अधिक विश्वासाची. रात्री घालावयाचे कोरडे कपडे आणि लोकरी मोजे वेगळे बांधून ठेवावेत आणि काही झाले तरी दिवसा त्यांना हात लावू नये.

तिसरा तंबू. ‘दोन माणसांचा तंबू’ याचा अर्थ दोन माणसे खांद्याला खांदा लावून आडवी होतील, आणि त्यांच्या पिशव्या बाहेर भिजतील, असा समजावा. दोघांनी तिघांचा तंबू घ्यावा. तो दुहेरी कापडाचा असावा. एकेरी कापडाच्या तंबूत आपल्याच श्वासाची वाफ छताला धरते आणि पहाटे अंगावर टपकते. मग पाऊस नसतानाही तंबू गळतो असे माणसाला वाटते. कापड किती पाणी अडविते, हे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवर मोजतात आणि मिलिमीटरमध्ये लिहितात. वरच्या कापडास २००० ते ३००० हा आकडा पुरेसा आहे. तळाच्या कापडास तो याहून अधिक असावा, कारण तळावर आपल्या देहाचा भार पडत असतो. आमच्या विद्यार्थ्याचा तंबू नेमका तळातून पाझरला, हे येथे आठवावे.

पण चांगला तंबूही वाईट जागी ठोकला तर काय उपयोग? कोंकणातील शेतकऱ्याला हे सांगावयास नको. पाणी कोठून येईल आणि कोठे साचेल, हे पाहूनच तो घराचे जोते धरतो. तोच विचार येथे करावा. खोलगट जागा टाळून किंचित उंच, पण सपाट जागा घ्यावी. संडासाच्या व वर्दळीच्या वाटेला लागून तंबू ठोकू नये. रात्रभर माणसे तणाव्यांना अडखळत राहतात. मेखा तिरप्या, डोके तंबूपासून दूर झुकलेले, अशा ठोकाव्यात आणि तणावे ओढून बसवावेत. हे सगळे प्रथम घराच्या अंगणात, दिवसाउजेडी एकदा करून पाहावे. अंधारात, वाऱ्यात, पावसात ते शिकण्याची पाळी येऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट पालकांनी मुलांना बजावून सांगावी. कितीही थंडी असो, तंबूच्या आत शेगडी वा स्टोव्ह पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

चौथी चिंता पायांची. चिखलाच्या दिवसांत गमबुटांना पर्याय नाही. मात्र ते नवे कोरे असता कामा नयेत. आधी दोनचार वेळा घालून पायाला सरावलेले असावेत. सुती मोजे ओल धरून ठेवतात, लोकरीचे ओले झाले तरी थोडी ऊब देतात. वरून अंगभर पावसाळी झगा असला की छत्रीची गरज नाही. छत्री गर्दीत मागच्या माणसाच्या डोळ्यांआड रंगमंच करते. आपल्या शेतकऱ्याने घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन दोन्ही हात मोकळे ठेवले, त्यातले शहाणपण तेच होते.

पाचवी वस्तू सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे कानात घालावयाचे बोळे. संगीत ऐकावयास जाऊन कान बंद करावयाचे, हे ऐकून मुले हसतील. परंतु ध्वनिवर्धकांचा तो आवाज साधा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकला तरी चालतो. तोच ९० डेसिबल झाला की मर्यादा ४ तासांवर येते. अशा समारंभांसाठी या संघटनेने २०२२ साली सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली. याचा अर्थ, नियम पाळूनही तेथील आवाज कानास जड असू शकतो. चांगले बोळे आवाज मारीत नाहीत, तो उतरवितात. रंगमंचापासून थोडे दूर उभे राहिले तरी पुष्कळ फरक पडतो. ज्याला आयुष्यभर गाणे ऐकावयाचे आहे, त्याने एका रात्रीसाठी कान गहाण टाकू नयेत. हेच बोळे रात्री झोपेच्याही कामी येतात. त्यांच्या जोडीला डोळ्यांवर बांधावयास एक पट्टी असावी. तिकडे त्या दिवसांत सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या आधी उगवतो, तंबूचे कापड काही उजेड अडवीत नाही.

राहता राहिले ते एका ओळीत सांगता येईल: कपाळावर बांधण्याची विजेरी, पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, आणि पिशवीच्या आत अस्तरासारखी घालावयास एक मोठी प्लास्टिकची पिशवी. घडीच्या खुर्च्या, मोठे दिवे, शोभेच्या माळा, बर्फाच्या पेट्या हे सारे दुकानात मोहक दिसते. पण गाडी थांबते तेथून मुक्कामाच्या जागेपर्यंत ते पाठीवरून न्यावे लागते, आणि तो पल्ला लहान नसतो. शरीराच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून जास्त ओझे पाठीवर घेऊ नये, असा पायी हिंडणाऱ्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाने १२ किलोंवर थांबावे. या १२ किलोंत चैनीला जागा उरत नाही; सुखाला मात्र भरपूर उरते.

येथे खर्चाचा प्रश्न निघेल, आणि तो निघालाच पाहिजे. परगावी पोटासाठी राबणाऱ्या मुलाने हे सगळे एकट्याने का घ्यावे? मला वाटते, याचे उत्तर आपल्या वारीत आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी भजन करीत चालून जातात. पायी चालणाऱ्या संगीताचा एवढा मोठा मेळा दुसरा कोणता असेल? गोव्यातूनही दिंड्या आषाढीला पंढरपुरास जातात. त्यांच्यातील प्रत्येक जण काही स्वतंत्र राहुटी विकत घेत नाही. दिंडीची राहुटी, दिंडीची भांडी, दिंडीचा स्वयंपाक; वारकऱ्याच्या स्वतःच्या गाठोड्यात कपड्याचे दोन जोड आणि एक पांघरूण. चार मित्रांनी मिळून एक चांगला तंबू घ्यावा, एखादी वस्तू उसनी आणावी, एखादी जुनी घ्यावी, आणि जी स्वतःच्या अंगाला लागते, म्हणजे चटई, झोपण्याची पिशवी, बूट, तेवढीच स्वतःची व चांगली असावी. स्वस्तातला स्वस्त तंबू घेणे ही काटकसर नव्हे. तो एका पावसाचा सोबती असतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा घ्यावा लागतो, आणि पहिल्या वर्षीचा मागे राहतो.

हे मागे राहणे मला सर्वांत अधिक टोचते. त्या देशातील स्वतंत्र महोत्सवांच्या संघटनेने २०१९ साली दिलेल्या अंदाजानुसार, ब्रिटनमधील मेळ्यांच्या मैदानांवर दर वर्षी सुमारे अडीच लाख तंबू टाकून दिले जात होते. अशा एका तंबूचे वजन सरासरी साडेतीन किलो, आणि त्यातील बहुतेक भाग प्लास्टिकचा. पुष्कळांची समजूत अशी असते की, टाकलेला तंबू कोणा गरिबाला मिळेल. चिखलाने भरलेले, काड्या मोडलेले ते ढिगारे निवडावयास बसणार कोण? त्यांतील बहुतेक कचऱ्यातच जातात. याच्या उलट त्याच वर्षी ग्लॅस्टनबरीच्या चालकांनी सांगितले की, त्यांच्या शेतावरून ९९.३ टक्के तंबू लोकांनी परत नेले. शेतावर प्रेम करा, मागे खूण ठेवू नका, असे ते येणाऱ्यांस सांगत आले होते. २०१९ साली त्यांनी एकदाच वापरावयाच्या प्लास्टिकच्या बाटल्यांची विक्रीही बंद केली. तेव्हा गर्दीला शिस्त लागत नाही, हे म्हणणे खोटे आहे. माळ ही कोणाची तरी चराऊ जमीन आहे, मेळा उठला की तेथे गाई येणार आहेत, हे माणसांच्या मनावर बिंबविले तर माणसे ऐकतात. आपल्या जत्रांनंतर देवळाभोवतीच्या शेतांत काय पडलेले असते, ते पाहणाऱ्यांनी या आकड्याचा अवश्य विचार करावा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या परदेशी जातील, पुष्कळजण जाणार नाहीत. पण शाळेचे शिबिर, गडावरची सहल, मामाच्या गावची जत्रा हे तर सर्वांच्याच वाट्याला येते. वळकटी बांधावयास बसाल तेव्हा समोरच्या प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. ही नसली तर ज्यासाठी मी चाललो आहे त्यातून माझे लक्ष उडेल काय? ही मला माझ्या खांद्यावर नेता येईल काय? आणि ही मी परत आणीन काय? तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर देणारी वस्तू घ्या. ती महाग आहे की स्वस्त, मित्राकडे आहे की नाही, याची फिकीर करू नका. एकाही प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी वस्तू घरीच ठेवा.

आणि मुलगा असे काही मागू लागला, तर पालकांनीही ‘चैन’ म्हणून ते एकदम झिडकारू नये. तो कशासाठी मागतो आहे, ते आधी विचारावे. गाणे नीट ऐकता यावे म्हणून कोरडे अंथरूण मागणारा मुलगा बिघडलेला नसतो. तो आपल्या कामाची किंमत जाणणारा असतो.